काळ्या दोऱ्याची मेणबत्ती

१

"वरचं ताट जिवंतांचं, खालचं गेलेल्यांचं. आधी वर लावायची, मग वाकून खाली. घाईत असलीस, रडत असलीस, तरी हात चुकता कामा नये. जिवंत माणसाची मेणबत्ती खालच्या वाळूत खोचायची म्हणजे आपल्या हातानं त्याच्यावर माती लोटायची. लक्षात ठेव."

लग्न होऊन आले त्या पहिल्या रविवारी सासूबाईंनी मला चर्चच्या दाराशी थांबवून हे सांगितलं होतं. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची मेणबत्ती मी खाली लावते आणि लावताना त्यांचाच आवाज ऐकते. त्या शनिवारी कार्लोव्त्सीच्या चर्चमध्ये तो आवाज कानात नसता, तर एका आईचा मुलगा जिवंतपणीच पुरला गेला असता. म्हणून आधी त्यांना नमस्कार करते आणि मग सांगायला घेते.

आम्ही तिसा नदीकाठच्या गावातली माणसं. पांताची लहान बस ठरवून एका दिवसासाठी कार्लोव्त्सीला निघालो होतो. सहलच म्हणायची, पण कुणी गाणी म्हणत नव्हतं. पर्सिदाचा थोरला मुलगा गाव्रिलो, त्याचा स्मरणविधी करायचा होता.

गाव्रिलोला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर घेतलं होतं. त्यामुळे पर्सिदा आणि मी एकमेकींच्या कुमा. आमच्यात हे नातं रक्ताच्या नात्याच्या बरोबरीनं मानतात. पोरगा गुणी होता, गळा गोड होता. कार्लोव्त्सीत शिकायला होता तेव्हा तिथल्या चर्चमध्ये गायचा. पुढे दारूत बुडाला. एकदा नशेत ट्रॅक्टर चालवताना तो कलंडला आणि शेजारी बसलेल्या आईचा गुडघा कायमचा गेला. ती इस्पितळातून घरी यायच्या आत गाव्रिलो डॅन्यूबवरच्या मालवाहू बोटीवर कामाला निघून गेला. मग एका सकाळी बोटीवर त्याचं अंथरूण तेवढं सापडलं. नदीनं नेला, असं सगळे म्हणाले. देह काही मिळाला नाही.

आठ वर्षं पर्सिदाकुमा त्याची मेणबत्ती वरच्या ताटात लावत राहिली. घराण्याच्या संताच्या सणाला त्याचं पान मांडत राहिली. शेवटी धाकटी सून झागोर्का म्हणाली, "आई, त्याच्या जिवाला शांती नको का? तुम्ही सोडत नाही म्हणून तोही अडकून राहिलाय." झागोर्का बोलायला फटकळ, पण मनानं वाईट नाही. सासूला रात्रंदिवस दाराकडे बघताना तीच पाहत होती.

"करायचंच असेल तर कार्लोव्त्सीला करू," कुमा म्हणाली. "जिथं तो हसत होता तिथं."

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "कुमा, मी संत पेत्काला नवस बोललेय. तो आहे असं कळलं, तर जिथं असेल तिथं या पायांनी चालत जाईन."

"आणि नसला तर?"

"नसला तर त्यानं मला न्यायला यावं. आता मलाही कंटाळा आलाय."

मी तिचा हात धरून ठेवला.

कार्लोव्त्सीच्या चौकात उतरलो तेव्हा कोशावा वारा सुटला होता. शरदात तो वाहायला लागला की हाडात शिरतो. ओब्राद, म्हणजे कुमाचा धाकटा मुलगा, आईला कोटाच्या आडोशाला घेऊन चर्चपर्यंत आला. मागून झागोर्का गव्हाचा काचेचा वाडगा छातीशी धरून येत होती. गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे गहू शिजवून वाटतात, त्यात अक्रोड आणि साखर मळतात, वर पिठीसाखर पसरून बेदाण्यांचा क्रॉस काढतात. त्या गव्हात मेणबत्ती लावल्याशिवाय पाद्रीबाबा विधी सुरू करत नाहीत. झागोर्कानं तो वाडगा आतल्या दारापाशी छोट्या टेबलावर ठेवला, गव्हात एक मेणबत्ती खोचली, त्यावर स्वतः भरतकाम केलेलं पांढरं कापड पांघरलं आणि पिशवीतून मेणबत्त्या काढल्या.

"या गाव्रिलोच्या. तुमच्या बाकीच्या मेणबत्त्यांत मिसळू नयेत म्हणून बुडाशी काळा दोरा बांधलाय. मेण अस्सल मठातलं आहे हो! दोन वर्षं झाली, ओब्राद मुद्दाम तिकडे डोंगरात जाऊन घेऊन येतो. घरात मी मेले तरी उठून बसेन, असा वास येतो त्याला."

तिनं एकेकाच्या हातात एकेक दिली. कुमाला, ओब्रादला, मला, गाव्रिलोशी जिचं लग्न ठरलं होतं त्या विदाला, आणि माझ्या धाकट्या दिरांना, तोझाभावजींना. एक तिनं स्वतःला ठेवली. पांता बसपाशीच थांबला होता.

तोझाभावजी पोलिसात इन्स्पेक्टर होते, आता निवृत्त झालेत. त्यांनी मेणबत्ती उलटसुलट करून बघितली आणि कोटाच्या खिशात टाकली. "मी देवाला त्रास देत नाही वहिनी, आणि तो मला देत नाही. आमचं बरं चाललंय."

"मग आलात कशाला?"

"इथली वाईन. देवाला सांगू नका."

मेणबत्त्यांच्या घडवंचीपाशी सहलीच्या माणसांची झुंबड होती. मी कशीबशी पुढे गेले, वाकून खालच्या वाळूत गाव्रिलोची मेणबत्ती खोचली आणि डोळे मिटले. याच हातांवर तो पहिल्यांदा रडला होता.

इतक्यात पाद्रीबाबा बाहेर आले. "एक बाप्तिस्मा चाललाय. आधी बाळ, मग मोठी माणसं. जरा चौकात फिरून या."

आम्ही पांगलो. कुमा आणि मी कारंज्यापाशी बाकावर बसलो. घंटा झाली तेव्हा परत आलो. पाद्रीबाबा तयारीनं उभे होते. झागोर्का टेबलाकडे गेली आणि जागीच थिजली.

टेबलावर पांढरं कापड होतं. वाडगा नव्हता.

२

"मेल्याचा घास चोरला!" झागोर्काचा आवाज घुमटापर्यंत गेला. "दोन दिवस मी ते गहू निवडले! हात झडोत त्याचे!"

"झागोर्का, चर्चमध्ये आहोत," मी म्हटलं.

"चर्चमध्येच चोरलेत ना, मग इथंच बोलणार!"

विदा म्हणाली, "कुणा प्रवाशानं उचललं असेल. त्यांना काय कळतंय? केक वाटला असेल."

तोझाभावजी टेबलापाशी वाकले. वाईनचा एक पेला झालेला होता, पण नजर जुनीच होती. कापडाला हात न लावता ते बघत राहिले. कापडाची चौकोनी घडी होती, कडेला कडा जुळवलेली. घडीवर गव्हात खोचलेली मेणबत्ती आडवी ठेवलेली होती.

"चोर घाईत असतो," ते म्हणाले. "हा घडी घालून गेलाय. गव्हातली मेणबत्ती काढून आदबीनं ठेवून गेलाय. हा प्रवासी नाही. हा आपल्यातला आहे."

पाद्रीबाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मुलांनो, दुपारच्या लग्नाआधी मला तासभर वेळ आहे. गहू मिळाले तर बोलवा. नाहीतर पुन्हा कधी तरी."

"पुन्हा नाही," कुमा म्हणाली. "पुन्हा माझ्यानं होणार नाही. आज काय ते होऊ दे."

भावजींनी एकेकाला चौकातल्या बाकावर बोलावलं. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही शेजारी बसा. तुम्ही असलात की माणसं खोटं बोलायला लाजतात."

पहिला आला पांता. मिशांत अक्रोडाचा चुरा, त्यावर पिठीसाखर. झागोर्का लांबूनच ओरडली, "बघा! बघा त्याच्या मिशा!"

"अगं बाई, कुगलोफ खाल्लाय, अक्रोडाचा केक!" पांतानं खिशातून कागदाचा चुरगळा काढला. त्यात कुगलोफचा उरलेला तुकडा होता. "कोपऱ्यावरच्या बेकरीत विचारा. मेलेल्याचे गहू न सांगता खायला मी काय कावळा आहे?"

"गाडीपासून किती वेळ लांब होतास?" भावजींनी विचारलं.

"बेकरीपुरता. तेही गाडीकडे बघत. वाडगा घेऊन कुणी आलं नाही. ओब्राद तेवढा आला, अंगातला कोट मागच्या बाकाखाली ठेवला आणि गेला."

भावजींनी मान हलवली आणि विदाला बोलावलं.

विदानं सरळच सांगितलं. "काका, मला तर हा विधी हवा होता. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. आठ वर्षं मी ना विधवा, ना कुमारी. आज त्याला निरोप देऊन मोकळी होणार होते. मी कशाला गहू लपवू?" तिचे डोळे भरून आले, पण नजर चुकवली नाही.

कुमाला विचारायला भावजींना जड गेलं. टोपी काढून तिच्यासमोर उभे राहिले. "पर्सिदाताई, राग मानू नका. हा विधी होऊ नये असं सगळ्यांत जास्त तुम्हाला वाटत होतं."

"वाटत होतं," ती म्हणाली. "पण मी घेतला असता तर वाडगा कारंज्यावरच्या सिंहाच्या डोक्यावर फोडला असता. घडी घालत बसले असते होय?"

"आणि कुमा सगळा वेळ माझ्याजवळ होती," मी म्हटलं.

झागोर्कालाही विचारून झालं. ती सगळा वेळ आत बाप्तिस्मा बघत उभी होती. पाद्रीबाबांनीच तसं सांगितलं.

शेवटी ओब्राद आला. माणूस मुळातच अबोल. मधमाश्या पाळतो, त्यांच्याशीच काय ते बोलत असेल. बाकावर बसला आणि दोन्ही दंड चोळू लागला. अंगात नुसता सदरा. वाऱ्यानं ओठ निळे पडले होते.

"कोट कुठाय?" भावजींनी विचारलं.

"गाडीत."

"असल्या वाऱ्यात?"

"उकडत होतं."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ओब्रादकडे पाहिलं. त्यानं माझ्या नजरेला नजर दिली आणि मग मान खाली घातली. लहानपणी जॅम चोरला की तो असाच मान खाली घालायचा.

"पांता," भावजींनी हाक मारली. "गाडी उघड."

३

मागच्या बाकाखाली ओब्रादचा जाड तपकिरी कोट होता. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसा गुंडाळलेला. भावजींनी तो उलगडला. आत वाडगा होता. पिठीसाखरेवर एक बेदाणासुद्धा हललेला नव्हता.

झागोर्का नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं, आता ओरडेल. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू? तुझ्याच भावाचे गहू? कापडावर भरतकाम करताना शेजारी बसून दिवा कोण धरत होतं रे?"

ओब्रादनं कोटाची लोंबती बाही उचलून बाकावर ठेवली.

"कशासाठी ते तरी सांग. आईनं तुझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त माया केली म्हणून? मेल्यावरही त्याला दोन शब्द मिळू नयेत म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं?"

"मला सांगता येत नाही."

चौकातली माणसं वळून बघू लागली. कुमा काठी टेकत गाडीपर्यंत आली होती. तिनं वाडगा पाहिला, कोट पाहिला, मुलगा पाहिला. मग मागे सरून बसच्या पायरीवर बसली.

"एक नदीनं नेला," ती म्हणाली. "आणि दुसरा भावाच्या ताटातलं उचलतो. कुमा, आज माझे दोन्ही मुलगे गेले गं."

ओब्रादचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तो पुढे आला, आईच्या पायाशी बसू लागला. तिनं काठी मध्ये धरली.

"विधी होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "झागोर्का, घे तो वाडगा. पाद्रीबाबांना सांग, आम्ही येतोय."

"आई, नको." ओब्राद एवढंच म्हणाला. "पाया पडतो. नको."

"का नको?"

त्यानं नुसते हात जोडले. झागोर्का वाडगा उचलून चर्चकडे चालू लागली.

४

मी तिच्या आधी आत गेले. असं काही झालं की दोन मिनिटं देवापुढे उभं राहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. गर्दी ओसरली होती. घडवंचीवर मेणबत्त्या संथ जळत होत्या. मी जिवंतांसाठी एक लावायला वरच्या ताटाशी गेले. ओब्रादसाठी लावणार होते. म्हणणार होते, देवा, याच्या मनात काय आहे ते तूच जाण, पण याला एकटं सोडू नकोस.

आणि माझा हात हवेतच थांबला.

वरच्या ताटात, कडेच्या कोपऱ्यात, गर्द पिवळ्या मेणाची एक मेणबत्ती जळत होती. बुडाशी काळा दोरा.

पहिल्यांदा वाटलं, ही कुमाची. आठ वर्षं ती वरच लावत आली, आजही राहवलं नसेल. डोळ्यांत पाणी आलं. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसले. "कुमा, तू वर लावलीस ते पाहिलं मी. कुणाला सांगणार नाही."

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. मग मूठ उघडली. तिची मेणबत्ती तिच्याच हातात होती. वात कोरी.

"मी लावलीच नाही," ती म्हणाली. "खाली हात जाईना, आणि वर लावून झागोर्काचा अपमान कशाला करू? म्हटलं, त्याला डोळ्यांनी पाहीन तेव्हाच लावीन. या जगात, नाहीतर त्या."

मी उठले आणि पुन्हा आत जाऊन खालच्या वाळूत पाहिलं. काळे दोरे तीन होते. एक माझा. विदाला आणि झागोर्काला मी माझ्याशेजारी वाकलेलं पाहिलं होतं. कुमाची तिच्या हातात, तोझाभावजींची त्यांच्या खिशात. उरला एकच जण.

भावजी दारात उभे होते. मी त्यांची बाही धरून त्यांना आत आणलं आणि बोटानं दाखवलं. "ती ओब्रादनं लावलीय."

"बरं. मग?"

"वर लावलीय."

"वर, खाली, काय फरक पडतो? मेणबत्तीला मेणबत्ती."

मग मी त्यांना सासूबाईंचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. त्या त्यांच्याही आईच होत्या, पण मुलग्यांना असलं कोण शिकवतं? भावजी ऐकत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी बदलत गेली. त्यांनी विचारलं, "चुकून लागली असेल का?"

"आमचा हात इथं चुकत नाही, भावजी. गहू चोरेल, बायकोशी खोटं बोलेल, पण जिवंत माणसाची मेणबत्ती..." आणि माझं वाक्य तिथंच अडलं. जे बोलत होते त्याचा अर्थ मलाच तेव्हा कळला. मी घडवंचीची कड घट्ट धरली.

भावजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता.

"चला वहिनी," ते म्हणाले. "पाद्रीबाबांना थांबवायला हवं."

५

पाद्रीबाबांनी गळ्यात विधीचा पट्टा घातला होता. वाडगा मध्ये ठेवला होता, झागोर्का काडी ओढणार एवढ्यात भावजी म्हणाले, "थांब पोरी. दोन मिनिटं मला दे."

सगळे उभेच होते. भावजी ओब्रादकडे वळले. आवाज अगदी मऊ.

"ओब्राद, मी तुला काही विचारणार नाही. मीच बोलतो, तू ऐक. तुला भावाचा राग असता तर वाडगा तू फेकून दिला असतास. तू तर तो अंगातल्या कोटात गुंडाळून ठेवलास आणि स्वतः थंडीत कुडकुडत बसलास. म्हणजे गव्हाशी तुझं वैर नाही. तुला एवढंच हवं होतं, की हा विधी आज होऊ नये. का? वहिनींनी मला एक मेणबत्ती दाखवली. काळ्या दोऱ्याची. जिवंतांच्या ताटात."

झागोर्का गर्रकन वळली. तिनं घडवंचीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आता कुणी म्हणेल, ही वेडी आशा आहे, आईसारखी. पण आशा असलेला माणूस बोलतो. पर्सिदाताई आठ वर्षं बोलताहेत. आई बरोबर म्हणतेय, कदाचित असेलही तो, असं तू बायकोला एकदा तरी म्हणाला असतास. म्हणालास?"

"कधीच नाही," झागोर्का पुटपुटली. "विषय निघाला की उठून मधमाश्यांच्या पोळ्यांकडे जायचा."

"ज्याला ठाऊक असतं आणि तरी जो बोलत नाही, त्याला कुणी तरी शब्दात बांधलेलं असतं." भावजी थांबले. "एकच गोष्ट मला कळेना. तू मधमाश्या पाळतोस. घरात मेणाची रास पडलेली. मग दोन वर्षं इतक्या लांब डोंगरातल्या मठात मेण आणायला कशाला जातोस?"

ओब्रादच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी बोललो नाही," तो म्हणाला. "आई, देवाशप्पथ, मी एक अक्षर बोललो नाही."

"नाही बोललास," कुमा म्हणाली. ती काठीशिवाय उभी होती. हे मला नंतर आठवलं, तेव्हा लक्षात आलं नाही. "आणि बोलूही नकोस. दिलेला शब्द पाळ. मी विचारते ते माझं मी विचारते." ती त्याच्या अगदी जवळ गेली. "दारू?"

ओब्रादनं मान हलवली. नाही.

"खोकला यायचा थंडीत. अजून येतो?"

नाही.

"जेवतो का रे नीट?"

रडता रडता ओब्रादला हसू फुटलं. त्यानं दोन्ही हात पोटापुढे गोल धरून दाखवले, हे एवढं. कुमानं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. "माझा एक मुलगा सकाळी नव्हता," ती म्हणाली. "आता दोन आहेत. पेत्कामाते, दोन आहेत!"

झागोर्का मट्कन खाली बसली. "आणि मी काय केलं? त्यानंच गाळलेल्या मेणाच्या मेणबत्त्या त्याच्याच नावानं खाली खोचल्या! देवा, मला माफ कर. ओब्राद, गाढवा, मला तरी खूण करायचीस!"

"तुला खूण केली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं," ओब्राद म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं केलेला हा पहिला विनोद. झागोर्कानं उठून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग गाडीतून त्याचा कोट आणून त्याच्या खांद्यांवर घालून स्वतः बटणं लावत बसली.

मी वाकले आणि खालच्या वाळूतून माझी मेणबत्ती उपटली. शेजारी विदा वाकली. आम्ही आमच्या मेणबत्त्या वरच्या ताटात लावल्या. झागोर्काची तिला काही केल्या लावता येईना, मी तिचा हात धरला.

"बरं झालं," विदा नाक पुसत म्हणाली. "मेलेल्यावर रागावता येत नव्हतं. आता लग्नाची पत्रिका पाठवते त्याला, आणि आठ वर्षांचा हिशेब तोंडावर मागते."

"वहिनी," तोझाभावजी माझ्यामागे येऊन उभे राहिले. खिशातून मोडक्या टोकाची मेणबत्ती काढली. "ही कुठं लावायची म्हणालात?"

"वर, भावजी."

त्यांनी लावली. वाकडी लावली. मी सरळ केली नाही.

पाद्रीबाबा हे सगळं बघत उभे होते. त्यांचे डोळेही कोरडे नव्हते. "गव्हाचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"नवरा माझा गेलाच आहे," कुमा म्हणाली. "अर्कादिये नाव त्यांचं. फार वर्षांत त्यांच्यासाठी असे छान गहू झाले नव्हते. त्यांच्या नावानं वाचा."

पाद्रीबाबांनी वाचलं. आम्ही सगळ्यांनी चमचा चमचा गहू खाल्ले. पांतालाही बोलावलं. तो म्हणाला, कुगलोफपेक्षा चांगले आहेत. झागोर्कानं त्याला दुसऱ्यांदा दिले.

दुपारी पांतानं बस डोंगराच्या रस्त्याला घातली. कुठं जायचं ते ओब्रादनं सांगितलं नाही. फाटा आला की तो खिडकीतून त्या बाजूला बघायचा आणि पांता तिकडे वळायचा. द्राक्षमळ्यांच्या वर एक अरुंद वाट सुटत होती आणि झाडांत लाल कौलांचं टोक दिसत होतं. तिथं कुमा म्हणाली, "इथंच थांब."

"आई, चढ आहे," ओब्राद म्हणाला. "वरपर्यंत गाडी जाते. तुझा पाय..."

"पाय माझा आहे, नवसही माझा आहे. तू शब्द दिलास तो तू पाळलास. मला माझा पाळू दे."

"त्याला आवडलं नाही तर?"

"माझ्या गुडघ्यापायी तोंड लपवून बसलाय तो, ठाऊक आहे मला. त्यानं तुझ्याकडून वचन घेतलं होतं. माझ्याकडून कुठं घेतलंय?"

मी तिला हाताला धरून खाली उतरवलं. वारा जरा पडला होता. तिनं मुठीतली मेणबत्ती काढली, नखानं गाठ सोडली आणि काळा दोरा माझ्या तळहातावर ठेवून बोटं मिटली. रुमालाखालचे केस नीट केले. मला म्हणाली, "कुमा, मी कशी दिसते?"

"त्याच्या आईसारखी," मी म्हटलं.

तिनं कोरी मेणबत्ती कोटाच्या आत छातीपाशी ठेवली, काठी पुढे टेकली आणि वाटेला लागली. आम्ही कुणी हाक मारली नाही. पांतानं इंजिन बंद केलं. मी दोरा मुठीत धरून उभी राहिले. ती मळ्यांमधून, दर थोड्या अंतरावर गुडघ्यावर हात ठेवून थांबत, हळूहळू वर चालली होती.